इंग्रजी लेखनातले अलंकार आणि वाक्यरचना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्यांचे मसुदे तपासताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम फारसा लावलेला नाही. सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे, नाही तिथे दोन ओळींत आटोपलं आहे. इंग्रजी उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी डोळ्यांआधी कानाला कळतात.

रेटॉरिकल डिव्हाइस म्हणजे शाळेत शिकलेले अलंकारच ना?

बरेचसे. सिमिली म्हणजे उपमा, मेटाफर म्हणजे रूपक, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास. इथवर जोड्या सरळ लागतात.

पण दोन्हींची घराणी वेगळी. आपला अलंकारविचार काव्याच्या अंगणात वाढला, तर त्यांचा रेटॉरिक, म्हणजे वक्तृत्वशास्त्र, न्यायालयात आणि लोकांच्या सभांच्या गर्दीत. इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने त्याची मांडणी केली तेव्हा प्रश्न होता, समोरच्याला पटवायचं कसं? बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद हे त्याने सांगितलेले तीन मार्ग. पुढे सिसेरो आणि क्विंटिलियन या रोमन मंडळींनी तेच शास्त्र वाढवलं. त्यामुळे इंग्रजीत आलेल्या या यादीत शब्द कुठे ठेवायचा, कोणता पुन्हा म्हणायचा, ‘आणि’ कुठे गाळायचं असल्या गोष्टींची नावंच जास्त सापडतात. अर्थ वळवणाऱ्या युक्त्यांना ट्रोप म्हणतात आणि रचना वळवणाऱ्यांना स्कीम. आपण ट्रोप पटकन शिकतो, कारण ते ओळखीचे असतात. अडतं ते स्कीमपाशी.

एकच गोष्ट शिकायची असेल तर कोणती?

वाक्याचं शेवटचं टोक सांभाळायला शिका. या पानावरचं बाकी सगळं या ना त्या वाटेने तिथेच येऊन मिळतं.

‘मी तुमचा अहवाल काल रात्री उशिरापर्यंत जागून अगदी शेवटच्या पानापर्यंत…’ इथे थांबलो, तर ऐकणारा ताटकळतो. वाचला की फाडला? मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून वाक्याला ताण आपोआप मिळतो आणि शेवटही आपोआप पक्का होतो. त्यासाठी लिहिणाऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही.

इंग्रजीत क्रियापद दुसऱ्या-तिसऱ्या शब्दालाच येऊन जातं. ‘आय रेड युवर रिपोर्ट’ म्हटलं की बातमी फुटली. मग उरलेल्या वाक्यात काय यायचं आणि शेवटी काय राहायचं, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. आपण ते ठरवत नाही. शेवटी जे उरेल ते उरू देतो, आणि उरतं ते बहुधा भुसकट : ‘द रिपोर्ट इज राँग, इन माय ओपिनियन, टू सम एक्स्टेंट.’ वाचकाच्या कानात ‘राँग’ राहायला हवं होतं, राहिलं ‘टू सम एक्स्टेंट’. तेच शब्द उलटे लावा : ‘टू सम एक्स्टेंट, इन माय ओपिनियन, द रिपोर्ट इज राँग.’ एकही शब्द बदललेला नाही, तरी वाक्याला दात आले.

इंग्रज वाचक वाक्याच्या शेवटच्या शब्दावर नकळत जोर देतो. म्हणून नवी, महत्त्वाची, बोचरी गोष्ट शेवटी ठेवायची आणि ‘गेल्या वर्षी’, ‘माझ्या मते’, ‘या संदर्भात’ ही मंडळी आधी किंवा मधे बसवायची.

पिरिऑडिक आणि लूज वाक्य हा काय प्रकार?

मुख्य विधान शेवटपर्यंत राखून ठेवलं की पिरिऑडिक. आधी सांगून टाकलं आणि मग तपशील जोडत गेलात की लूज, ज्याला क्युम्युलेटिव्हही म्हणतात. इथे ‘लूज’ म्हणजे ढिसाळ नव्हे.

१४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री संविधान सभेत नेहरूंनी केलेल्या इंग्रजी भाषणातलं सर्वांत गाजलेलं वाक्य पिरिऑडिक आहे. आधी मध्यरात्रीचा ठोका, मग झोपलेलं जग, आणि त्यानंतर कुठे भारत जागा होतो. ‘भारत जागा होईल’ हे आधी सांगून मध्यरात्र मागून जोडली असती, तर ती नुसती वेळेची नोंद झाली असती.

मराठी माणसाला पिरिऑडिक वाक्य जवळचं वाटतं, कारण आपलं साधं वाक्यही त्याच चालीचं असतं. धोकाही तिथेच आहे. सगळीच वाक्यं अशी राखून ठेवलीत, तर इंग्रजी वाचक दमतो. त्याला रोजच्या चालीला लूज वाक्य लागतं. पिरिऑडिक वाक्य परिच्छेदात एखादंच असावं, तेही खरोखर राखून ठेवण्याजोगं काही असेल तेव्हाच.

केवल, संयुक्त, मिश्र वाक्यांचे प्रकार लिहिताना लक्षात ठेवावे लागतात का?

नावं नाही ठेवलीत तरी चालेल. फरक मात्र कळला पाहिजे. संयुक्त वाक्यात दोन विधानं एका पंगतीत बसतात, मिश्र वाक्यात एक पाटावर आणि दुसरं त्याच्या आडोशाला. ‘इट रेन्ड अँड द मॅच वेंट ऑन’ यात पाऊस आणि सामना बरोबरीचे. ‘ऑल्दो इट रेन्ड, द मॅच वेंट ऑन’ म्हटलं की पाऊस गौण होतो. कोणतं विधान कुणाच्या हाताखाली द्यायचं, हा निर्णय व्याकरणाचा कमी आणि मताचा जास्त असतो. राजीनाम्याची आणि तक्रारीची पत्रं लिहिताना याचं भान ठेवलं तर पुष्कळ रामायण टळतं.

इंग्रजीत वाक्यं छोटीच हवीत, हे खरं का?

अर्धंच खरं. १९ नोव्हेंबर १८६३ ला गेटिसबर्गमध्ये लिंकन जे बोलले ते अख्खं भाषण सुमारे २७० शब्दांचं आहे, आणि त्यातलं शेवटचं वाक्य एकटं ८२ शब्दांचं. तरी ते कुणाला जड वाटत नाही. कारण ते ‘दॅट’च्या खांबांवर उभं आहे. दर काही शब्दांनी एक ‘दॅट’ येतो आणि वाचकाला पाय टेकायला जागा मिळते. शेवटच्या ‘दॅट’नंतर लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठीचं शासन येतं.

तेव्हा प्रश्न लांबीचा नाही, खांबांचा आहे. खांब लावता येत नसतील तोवर छोटी वाक्यं लिहा, हा सल्ला ठीक. पण सलग दहा वाक्यं सारख्याच मापाची आली की ती कितीही छोटी असोत, वाचणाऱ्याला पेंग येते. लांब वाक्यामागे एक आखूड वाक्य ठेवून पाहा. ते ठोशासारखं लागतं.

‘तोच शब्द पुन्हा वापरू नका’ असं शिकवलं होतं. मग मोठे वक्ते तेच तेच का म्हणतात?

कारण नकळत झालेली पुनरुक्ती हा दोष, आणि ठरवून केलेली पुनरुक्ती हा अलंकार. वाचकाला हा फरक लगेच कळतो.

वाक्यांच्या सुरुवातीला तेच शब्द आले की ॲनाफोरा. ४ जून १९४० ला चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत ‘वी शॅल फाइट’ची माळ लावली : किनाऱ्यांवर, शेतांत, रस्त्यांत, टेकड्यांवर. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी ‘आय हॅव अ ड्रीम’ची. शब्द शेवटी परत आले तर त्याला एपिस्ट्रफी म्हणतात. वर आलेलं लिंकन यांचं ‘ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल’ हे त्याचं उदाहरण.

चर्चिल यांच्या माळेत आणखी एक गंमत आहे. इतका वेळ ‘वी शॅल फाइट’ची सवय लावून शेवटी ते ‘वी शॅल नेव्हर सरेंडर’ म्हणतात. ठेका मोडतो, आणि मोडतो म्हणूनच तो शब्द आदळतो. पुनरुक्ती केलीत तर ती कुठे मोडायची हेही आधी ठरवा. नाहीतर ती जपमाळ होते.

एक खबरदारी : कार्यालयीन ईमेलमध्ये ॲनाफोरा करू नये. सुट्टीच्या अर्जात ‘आय हॅव अ ड्रीम’चा आव हास्यास्पद दिसतो. अशा अर्जांवर लाल शाई उधळून झाली आहे, म्हणून सांगतो.

तीनची जादू खरी आहे का?

कानाला तीन आवडतात, एवढं खरं. याला ट्रायकोलन म्हणतात. सीझरचं ‘वेनी, विदी, विकी’ सर्वांना ठाऊक असतं. इंग्रजीत ते ‘आय केम, आय सॉ, आय काँकर्ड’ होतं तेव्हा तिसरा तुकडा आपसूक लांब पडतो, आणि लांब तुकडा शेवटी हे इंग्रजी कानाला नेमकं रुचतं.

माझा आवडता पुरावा उलट बाजूचा आहे. १३ मे १९४० ला चर्चिल चार गोष्टी म्हणाले होते : रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम. लोकांच्या तोंडी राहिलं ते ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’. लोकांनी चौथा शब्द गाळला, क्रमही बदलला आणि तीनवर आणून ठेवलं. वक्त्याच्या मूळ शब्दांपेक्षा ठेका वरचढ ठरला.

तरीही प्रत्येक वाक्यात तीन विशेषणं कोंबू नका. ‘क्लिअर, कन्साइस अँड कंपेलिंग’सारखी त्रिकुटं आता इतकी झिजली आहेत की वाचक त्यांच्यावरून नुसता घसरतो. सांगण्यासारख्या दोनच गोष्टी असतील तर दोनच सांगा. तिसरी शोधायला निघालात की ती भरतीची असते.

अँटिथेसिस आणि कायॅझमस यांत गल्लत होते.

अँटिथेसिस म्हणजे दोन विरुद्ध गोष्टी सारख्या साच्यात समोरासमोर उभ्या करणं. कायॅझमस म्हणजे दुसऱ्या अर्ध्यात क्रम आरशासारखा उलटवणं. उलटताना शब्दही तेच असतील तर काटेकोर मंडळी त्याला अँटिमेटाबोली म्हणतात. २० जानेवारी १९६१ ला केनेडी म्हणाले, ‘आस्क नॉट व्हॉट युवर कंट्री कॅन डू फॉर यू, आस्क व्हॉट यू कॅन डू फॉर युवर कंट्री.’ देश-तुम्ही, मग तुम्ही-देश. पहिलं अर्धं ‘तुम्ही’वर संपतं आणि दुसरं ‘देशा’वर. पुन्हा तेच, शेवटचं टोक.

अँटिथेसिस किती नाजूक असतो, ते जुलै १९६९ मध्ये चंद्रावर दिसलं. आर्मस्ट्राँग यांना म्हणायचं होतं ‘वन स्मॉल स्टेप फॉर अ मॅन’, म्हणजे एका माणसाचं छोटं पाऊल, आणि मानवजातीची मोठी झेप. ध्वनिमुद्रणात तो ‘अ’ ऐकूच येत नाही. ‘अ’ गेला की ‘मॅन’चा अर्थही मानवजात होतो, आणि विरोध उभा राहायच्या आत कोसळतो. आपल्या भाषेत आर्टिकल नाहीत, म्हणून आपण ती क्षुल्लक समजतो. इथे एका अक्षराने अख्खं वाक्य तोललं होतं.

‘हे नुसतं अमुक नाही, तर तमुक आहे’ हा स्वस्तातला अँटिथेसिस हल्ली सगळीकडे दिसतो. पहिला अर्धा भाग कुणी म्हटलेलाच नसेल तर तो खोडायचा कशाला?

‘अँड’ गाळणं आणि ‘अँड’ची रांग लावणं यांत काय साधतं?

गाळलं की वेग येतो (असिंडेटन), प्रत्येकापुढे लावलं की वजन येतं (पॉलिसिंडेटन). ‘ही पॅक्ड, लॉक्ड द डोअर, लेफ्ट’ यात घाई आहे. ‘ही पॅक्ड अँड लॉक्ड द डोअर अँड लेफ्ट’ यात एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं वाटतं.

माझं इंग्रजी व्याकरणशुद्ध असूनही ‘मराठी’ वाटतं असं म्हणतात. का?

तीन जागा तपासा.

पहिली, ‘जरी… तरी’. मराठीत ही जोडी सुटत नाही, म्हणून आपण ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही केम’ लिहितो. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा. ‘जो… तो’चंही तसंच. ‘द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल’ यातला ‘ही’ हा आपल्या ‘तो’चं भूत.

दुसरी, ‘-ताना’. ‘बससाठी धावताना माझी टोपी उडाली’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. धावणारा मी, उडणारी टोपी, कुणालाही शंका येत नाही. ‘रनिंग फॉर द बस, माय हॅट फ्लू ऑफ’ म्हटलं की इंग्रजीत टोपीच बसमागे धावू लागते. सुरुवातीचा ‘-इंग’वाला तुकडा लगेच पुढे येणाऱ्या कर्त्याला चिकटतो. याला डँगलिंग मॉडिफायर म्हणतात. आपल्याला ही चूक दिसत नाही, कारण आपल्या भाषेत ती चूकच नाही. उपाय सोपा : ‘ॲज आय रॅन फॉर द बस, माय हॅट फ्लू ऑफ.’

तिसरी जागा म्हणजे ‘च’. या एका अक्षरावर मराठी माणसाचा अर्धा संसार चालतो. ‘मीच तिला सांगितलं’, ‘मी तिलाच सांगितलं’, ‘मी तिला सांगितलंच’ हे तीन वेगळे तंटे आहेत. इंग्रजीत ‘च’ नाही, म्हणून आपण ‘ओन्ली’ चिकटवतो : ‘आय ओन्ली टोल्ड हर’. इंग्रज वाचकाला त्यातून कळतं, ‘मी तिला फक्त सांगितलं, आणखी काही केलं नाही.’ ‘च’चं काम इंग्रजी रचनेकडून करून घेते : ‘आय टोल्ड हर मायसेल्फ’, ‘इट वॉज हर आय टोल्ड’, ‘आय डिड टेल हर’. यातल्या ‘इट वॉज…’ रचनेला क्लेफ्ट म्हणतात. जोराची गोष्ट उचलून वेगळ्या चौकटीत ठेवायची. वापरा, पण चिमटीने.

पॅसिव्ह व्हॉइस टाळायलाच हवा का?

नाही. करणारा माहीत नसेल, बिनमहत्त्वाचा असेल, किंवा तुम्हाला वाक्याच्या टोकाशी हवा असेल, तर पॅसिव्ह अगदी योग्य. ‘द विंडो वॉज ब्रोकन बाय द जज’ यात न्यायाधीश महाशय शेवटी प्रकट होतात, म्हणून मजा. टाळायचा तो लपवणारा पॅसिव्ह. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ हे राजकारण्यांचं लाडकं वाक्य आहे. चुका झाल्या म्हणे, केल्या कुणी ते विचारू नका.

जड शब्दांनी इंग्रजी भारदस्त होते का?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि इंग्रजीच्या अंगणात फ्रेंच शब्दांची रीघ लागली. लॅटिनची भर होतीच. म्हणून एकेका अर्थाला दोन-दोन शब्द आहेत : ‘बिगिन’ आणि ‘कमेन्स’, ‘हेल्प’ आणि ‘असिस्ट’, ‘बाय’ आणि ‘पर्चेस’. आपल्या ‘हात’ आणि ‘हस्त’सारखंच. ‘त्याने हस्त पुढे केला’ कुणी म्हणालं तर आपल्याला हसू येतं, पण ‘काइंडली कमेन्स’ लिहिताना येत नाही. चर्चिल यांच्या त्या माळेतले बहुतेक शब्द जुने, आखूड, घरचे आहेत. ‘सरेंडर’ मात्र फ्रेंचमधून आलेला.

स्वल्पविरामाने इतका काय फरक पडतो?

अमेरिकेतल्या मेन राज्यात ५० लाख डॉलरचा पडला. ओव्हरटाइम कुणाला मिळणार नाही याची यादी तिथल्या कायद्यात होती. तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन’ असा मजकूर होता, आणि ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. मग ‘डिस्ट्रिब्युशन’ हे वेगळं काम, की दोन्ही ‘पॅकिंग’च्याच पोटात? एका दूध कंपनीचे चालक माल वाटत होते, बांधत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’आधीच्या या चिन्हाला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात. लावा किंवा लावू नका, पण एका मजकुरात एकच धोरण ठेवा.

आपल्याकडची नेहमीची चूक वेगळी आहे. दोन पूर्ण वाक्यं आपण नुसत्या स्वल्पविरामाने जोडतो : ‘आय वॉज लेट, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ मराठीत ते खपून जातं, इंग्रजीत तो कॉमा स्प्लाइस. तिथे पूर्णविराम द्या, जोडशब्द घाला किंवा अर्धविराम वापरा. सीझरसारखे तीन आखूड तुकडे असतील तर माफ असतं, पण आपण सीझर नाही.

रूपक वापरताना काय सांभाळायचं?

दोन रूपकांची टक्कर. ‘वी मस्ट प्लांट द सीड्स सो दॅट द शिप कॅन सेल’ यात बी पेरून जहाज उगवतं. झिजलेल्या रूपकांमध्ये हे हमखास होतं, कारण त्यांतलं चित्र आपल्याला दिसेनासं झालेलं असतं. लिहिलेल्या वाक्याचं डोळ्यांसमोर चित्र काढून बघा.

झ्युग्मा म्हणजे काय? लायटोटीज?

एक क्रियापद दोन वेगळ्या अर्थांनी दोन कर्मांना जुंपलं की झ्युग्मा : ‘शी कॉट अ ट्रेन अँड अ कोल्ड.’ मराठीत ‘खाणे’ हे क्रियापद यासाठीच जन्माला आलं असावं : त्याने आधी पैसे खाल्ले, मग मार. लायटोटीज म्हणजे नकारातून होकार, ‘नॉट बॅड’. ‘काही वाईट नाही’ म्हणून कौतुक उरकणाऱ्यांना हा वेगळा शिकवायला नको.

‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करावं का? शेवटी प्रिपोझिशन चालते का?

दोन्ही चालतं. शेवटच्या प्रिपोझिशनवर कवी ड्रायडनने १६७२ मध्ये नाक मुरडलं, आणि पुढे तो नियमच असल्यासारखा पसरला. ‘द हाऊस आय ग्रू अप इन’ ही सरळ, जिवंत इंग्रजी आहे. हां, शेवटचं टोक मोलाचं असताना तिथे ‘इन’ ठेवायचं का, हा प्रश्न रास्त. कधी ठेवावं, कधी नाही. कान सांगेल.

स्वतःचा मसुदा तपासायची सोपी रीत?

प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द खाली उतरवा. पानभर ‘रिगार्ड’, ‘सेम’, ‘ऑल्सो’, ‘रिस्पेक्टिव्हली’ दिसले, तर पुन्हा लिहायला बसा. नामं आणि क्रियापदं दिसली, आणि त्यांच्यावरून नुसती नजर फिरवूनही विषय कळला, तर पाठवून द्या.